पोरगा पाहायले आलो

फुटबॉलपटू निवडायला गेलो आणि एका घरचा नवरदेव पसंत करून आलो. चूक माझीच होती, दुसऱ्या कोणाची नाही.

तेव्हा मी अकोल्याच्या एका क्लबचा स्काउट होतो. क्लब एका दालमिलवाल्या मालकाचा. या पदासाठी माझ्याकडे दोनच गोष्टी होत्या: अमरावतीत कॉलेजकडून खेळताना मोडलेला गुडघा आणि चालू स्थितीतली मोटरसायकल. मालकांनी गुडघ्याबद्दल विचारलंसुद्धा नाही. काम असं की तालुक्यातालुक्यांतल्या स्पर्धा पाहत हिंडायचं आणि बरा खेळाडू दिसला की घरच्यांशी बोलून त्याला क्लबात आणायचं. पण स्काउट म्हटलं की लोक माझ्या गळ्यात रुमाल शोधायचे. धारणीच्या एका हॉटेलवाल्याने तर मला शाळेच्या कॅम्पचा मास्तर समजून दोराच्या गाठी शिकवायला सांगितल्या, आणि वाईट वाटू नये म्हणून मी दोन शिकवल्याही. त्या दिवसापासून मी तो शब्दच टाकून दिला. पुढचा घोटाळा त्यातूनच झाला.

अंजनगाव सुर्जीच्या एका स्पर्धेत मला डाव्या बाजूचा एक बचावपटू आवडला. उगाच धावायचा नाही, रेफ्रीशी भांडायचा नाही, आणि चेंडू त्याच्या बाजूला गेला की प्रेक्षक निवांत व्हायचे. दुसऱ्या दिवशी त्याचं गाव शोधत गेलो. रिकाम्या हाताने कोणाच्या घरी जाऊ नये म्हणून पेढे घेतले होते. शर्टाला इस्त्री होती. दारात वडील उभे होते. त्यांच्या हातात पेढ्यांचा डबा दिला आणि म्हणालो, "पोरगा पाहायले आलो."

वडील क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले, मग लगबगीने आत गेले. सतरंजी आली, पंखा माझ्याकडे वळला, शेजारचे दोन म्हातारे येऊन बसले. शेव घातलेले पोहे आले. मी मनात म्हटलं, या गावात फुटबॉलला केवढा मान आहे. थोड्या वेळाने आमचा बचावपटू पांढरा शर्ट घालून, केस ओले करून बाहेर आला आणि मान खाली घालून माझ्यासमोर बसला. मी त्याची उंची विचारली, वजन विचारलं. दारू, गुटखा, रात्रीचं जागरण, सगळं विचारलं. म्हातारे प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होते. इतकी नीट चौकशी करणारा पाहुणा त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटला होता. मग मी विचारलं, डावा पाय कसा आहे?

वडील दचकले. "दोन्ही पाय चांगले हायेत जी. काहून?"

मी म्हटलं, अंगणात जरा पळून दाखवू द्या. पोरगा बिचारा पांढऱ्या शर्टात अंगणभर पळाला. आतून बायकांच्या हसण्याचा आवाज आला. तो परत येऊन बसल्यावर वडिलांनी घसा साफ केला आणि आता आपली पाळी आली अशा आवाजात मला विचारलं, "पोरगी काय शिकली हाये जी?"

तोंडातले पोहे गिळायला मला बराच वेळ लागला.

खुलासा झाल्यावर कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. वडील नुसते बसून राहिले. पानमळा होता, संत्र्याची झाडं होती, पोरात काही खोट नव्हती. पण शेती करणाऱ्याला हल्ली कोणी मुलगी देत नव्हतं, सगळ्यांना पगारी जावई हवा होता. कितीतरी महिन्यांनी कोणीतरी पेढे घेऊन दारात आलं होतं, आणि तो निघाला फुटबॉलवाला. ती शांतता मला सोसवेना. शांतता सोसली नाही की मी काहीही बोलतो. म्हणालो, क्लबात पगार आहे, पोराला माझ्याबरोबर पाठवा, पगार सुरू झाला की स्थळं आपोआप येतील. आणि वर दोन शब्द जास्तीचे बोललो, "जबाबदारी माझी."

पोरगा अकोल्याला आला आणि संघात बसला. वडिलांनी मात्र ते दोन शब्द सोडले नाहीत. दर दिवाळीला फोन यायचा. खेळाबद्दल एक प्रश्न नाही. "काय झालं जी आपल्या कामाचं?" एवढंच. मग मी स्पर्धा पाहायला गेलो की दोन कामं करू लागलो. मैदानावर खेळाडू हेरायचा आणि मैदानाबाहेर उपवर मुली असलेले बाप हेरायचे. खेळाडू बरे मिळाले. दुसऱ्या खात्यात सगळीकडून एकच उत्तर आलं: फुटबॉल ठीक आहे, पण नोकरी काय करतो?

मधल्या काळात माझी बढती होत गेली. लोक विचारतात हे कसं जमलं, म्हणून सांगतो. क्लबात दोन स्काउट होते, दुसरा पुण्याला गेला, मी मुख्य स्काउट झालो. जनरल मॅनेजरला नागपुरात काम मिळालं, मालकांनी आजूबाजूला पाहिलं, आणि दिवसभर क्लबात सापडणारा माणूस मीच होतो. दारावर पाटी लागली. घरी पेढे नेले तर बायकोने विचारलं, आता तरी लवकर घरी येणार का?

उलटंच झालं. राहायला अमरावती, काम अकोल्याला. रोज बडनेरा, मूर्तिजापूर करत एसटीने जायचं आणि यायचं. स्काउट होतो तेव्हा निदान फुटबॉल तरी पाहायचो. जनरल मॅनेजर झाल्यापासून मेसच्या वरणाची तक्रार, मैदानाला पाणी सोडणाऱ्याचा रुसवा, जाळीला पडलेली भोकं, दुसऱ्या संघाच्या बसला जागा, हे सगळं पाहतो. माझ्या खिडकीतून एका गोलपोस्टची फक्त मागची बाजू दिसते. गोल झाला की नाही हे मला ओरडण्यावरून कळतं, आणि कोणी केला हे संध्याकाळी विचारावं लागतं. संध्याकाळपर्यंत विचारायचीही इच्छा राहत नाही.

आणि सगळ्यांत नको वाटणारं काम म्हणजे हंगाम संपताना खेळाडूंना सोडणं. आणताना आम्ही त्यांच्या घरी पेढे घेऊन जातो. सोडताना त्यांनाच माझ्या खोलीत बोलावतो.

यंदा मालकांनी सांगितलं, डावा बॅक बदला, आता त्याची दमछाक होते. डावा बॅक म्हणजे आमचा पोरगाच, आणि ते खरं होतं. खिडकीतून दिसत नसलं तरी मला ते ठाऊक होतं. नेमकं त्याच आठवड्यात पोराच्या वडिलांचा फोन आला, तोही दिवाळी नसताना. आवाज पहिल्यांदाच मोकळा होता. बाळापूरकडचं स्थळ आलं होतं, दोन्ही घरांना पसंत होतं. मुलीकडचे फक्त एकदा तुमच्या ऑफिसात चौकशीला येतील, म्हणाले. "तुमी तेवढं चांगलं सांगजा. तुमच्याच शब्दावर अडलं हाये."

मी पोराला खोलीत बोलावायचं टाळू लागलो. तो समोरून येताना दिसला की मी फोन कानाला लावायचो. एकदा तसा लावला असतानाच तो वाजला, आणि पोरगा हसू दाबत निघून गेला.

मे महिन्यातल्या एका दुपारी मुलीचे वडील आणि मुलीची आत्या आले. अकोल्याच्या मे महिन्याबद्दल काय लिहायचं. कूलर होता, त्यात पाणी नव्हतं. वडील शांत माणूस, भाजीचा व्यापार करणारे. बोलायचं काम आत्याकडे होतं. त्यांनी खुर्चीवर बसायच्या आधी ती हलवून पाहिली. पोरगा कसा, वागणं कसं, विचारलं. तेवढं मी मनापासून आणि लांबण लावून सांगितलं. मग त्यांनी विचारलं, नोकरी पक्की आहे का?

खोटं बोललो तर एका मुलीला फसवणार होतो. खरं बोललो तर जुळलेली सोयरीक मोडणार होती, तीही जबाबदारी घेतलेल्या माणसाच्या तोंडून. अशा वेळी मला जी भाषा सुचते ती मी खुर्चीत बसल्यावर शिकलो. म्हणालो, क्लब त्याच्या योगदानाकडे अत्यंत आदराने पाहतो, आणि आगामी काळात संघाच्या एकूण रचनेचा विचार करता...

"म्हंजे हाये का नाही?" आत्या म्हणाल्या.

मी पाण्याचा ग्लास उचलला. रिकामा होता. खाली ठेवला आणि म्हणालो, "नाही. या हंगामानंतर नाही."

माझ्या डोळ्यांसमोर पोराचे वडील आले. आता त्यांना फोन कोण करणार, तर मीच.

मुलीच्या वडिलांनी सावकाश घाम पुसला. म्हणाले, ते आमाले मालूम हाये. पोरानंच पयल्या दिवशी सांगितलं. आपली दमछाक त्याला आधीच कळली होती; तो पानमळ्यावर परत जाणार होता आणि त्याला त्याचं काही दुःख नव्हतं. मुलगी सरकारी दवाखान्यात नर्स होती, पगार तिला होता. सोयरीक ठरलेलीच होती, पुढच्या आठवड्यात साखरपुडा. पोराने घरी एवढ्यासाठीच सांगितलं नव्हतं की त्याच्या वडिलांना क्लबकडून कळावं, म्हणजे माझ्या तोंडून.

मी हबकून विचारलं, मग एवढ्या उन्हात तुम्ही चौकशीला कशाला आलात?

"त्यानंच पाठवलं जी," मुलीचे वडील म्हणाले. "म्हणे, साहेब मले पाह्यलं का लपून राहिले. सांगाचं हाये त्याइले, पण तोंडातून निघत नाही. तुमी जाऊन विचारा, म्हंजे एकदाचं सुटतीन ते."

माझ्या शांततेत दुसरं कोणी बोलावं अशी मी वाट पाहत होतो. आत्या उठल्या, पदर नीट केला, दारावरची पाटी जाता जाता पूर्ण वाचली आणि माझ्याकडे वळल्या.

"एवढा एक शब्द काढाले आमाले बाळापुरावून या लागलं," त्या म्हणाल्या. "मंग दिवसभर इथं करता काय तुमी?"