वामनभाऊंची लहान स्क्रीन

वामनभाऊ कुणाकडेही नुसते डोळे वळवून पाहत नसत. सगळी मान वळवत, सावकाश, आणि मग माणूस नीट सापडला की हसत. मोहर्लीच्या गेटवर मी पर्यटकांची बुकिंग तपासायला लागलो तेव्हा वाटलं, वीस-बावीस वर्षं जंगलात जिप्सी चालवणाऱ्या माणसाची ही सवयच असेल. पर्यटकांनाही ते फार आवडायचं. "बघा, कसा वाघासारखा बघतो," असं एक बाई म्हणाल्या तेव्हा वामनभाऊ लाजले होते.

गाडीत ते कमी बोलत. वाघासाठी उतावीळ झालेल्या लोकांना म्हणत, "घाई नका करू. आपल्याले तो दिसला नाई म्हणून काय झालं, त्याले आपन दिसलो." कुणी तक्रार केलीच तर, "जंगलात येनं आपल्या हातात, दिसनं त्याच्या हातात."

एका संध्याकाळी परतीच्या वाटेवर डाव्या बाजूनं चितळाचं पाडस रस्त्यात आलं. मागच्या सगळ्यांना ते दिसलं, वामनभाऊंना दिसलं नाही. कुणीतरी ओरडलं म्हणून ब्रेक लागला. पाडस वाचलं. गाडी गेटवर आणून त्यांनी माझ्यासमोर टेबलावर किल्ली ठेवली आणि म्हणाले, "विलासबाबू, उद्यापासून माझं नाव नका लावू." का, ते सांगितलं नाही. चहा मागवला तर पेल्याजवळून त्यांचा हात दोनदा चुकला, तेव्हा मला कळलं.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं ते असं : नजर कडेकडून मिटत आली आहे, मधलं तेवढं शाबूत आहे, आणि ह्यावर इलाज नाही. वामनभाऊंच्या वडिलांचंही तसंच झालं होतं. घरी त्याला रातांधळेपणा म्हणायचे. "किनारीकडून अंधार येऊन राह्यला," एवढंच ते मला म्हणाले. मग कित्येक महिने ते अंगणातल्या बाजेवर बसून राहिले. पहाटे जिप्स्या सुरू व्हायच्या तेव्हा उठून आत जायचे. त्यांची बायको इंदूवैनी मला म्हणाली, "भाऊ, हे जेवतेत, झोपतेत, पन घरात नाईत."

मग एका लग्नासाठी ते चंद्रपूरला गेले. नातलगाच्या घरी कुणीतरी कॉम्प्युटरवर ट्रक चालवण्याचा गेम खेळत होतं. वामनभाऊ खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच ते काठी टेकत माझ्याकडे आले.

"विलासबाबू, त्या डब्यात मले पूर्ण रस्ता दिसला. दोन्ही किनारी. उजवीकडून गाडी आली ते बी दिसली. असा डबा मले पाहिजे."

मला त्यातलं फार कळत नव्हतं. आठवडाभर मोबाइलवर वाचलं, आणि आम्ही दोघं चंद्रपूरच्या एका दुकानात गेलो. दुकानदार तरुण, बोलका होता. गेमिंगचा कॉम्प्युटर म्हटल्यावर त्यानं आधी सगळ्यात रुंद, वाकलेली स्क्रीन दाखवली. ती ओढायची तर ग्राफिक्स कार्ड तगडं लागेल, म्हणाला, आणि आपल्या बजेटमध्ये ते बसवायचं तर प्रोसेसर जरा हलका घेऊ.

"म्हंजे हेडलाईट ट्रकचे अन् इंजिन फटफटीचं," वामनभाऊ म्हणाले.

दुकानदार हसला. मग त्यानंही मन लावून समजावलं. चित्र रंगवायचं काम कार्डाचं. रस्त्यावरची बाकी वाहनं, त्यांचं वळणं-थांबणं, त्याचा हिशेब प्रोसेसरचा. प्रोसेसर कमी पडला की गर्दीच्या चौकात गेम अडखळतो.

"मंग प्रोसेसर चांगला द्या. झाडाची पानं थोडी कमी दिसली तं चालते, गाडी अडखळली नाई पाहिजे. अन् स्क्रीन सगळ्यात लहान द्या."

"लहान कोणी घेत नाही आता, काका."

वामनभाऊंनी मूठ वळून तिची नळी केली आणि डोळ्याला लावली. "मले जग एवढंच दिसते. मोठी घेतली तं तिच्यातली अर्धी माझ्यासाठी नसन."

दुकानदार आत गेला. आतून त्यानं एक जुनी, लहान स्क्रीन आणली आणि गेम लावून दिला. वामनभाऊ खुर्चीवर बसले. "मागं घ्या," ते म्हणाले. मी खुर्ची मागे ओढली. "अजून." गिऱ्हाइकं बाजूला सरकली. शेवटी खुर्ची दाराजवळ आली तेव्हा त्यांनी हात वर केला. चारही कोपरे त्यांच्या नजरेत आले होते. ते कितीतरी वेळ तसेच बसून राहिले आणि दुकानात कुणी त्यांना उठवलं नाही.

स्क्रीन लहान, म्हणून मागच्या पिढीचं साधं कार्ड पुरणार होतं. उरलं ते प्रोसेसरला आणि स्टिअरिंगच्या चाकाला गेलं. तरीही दुकानदारानं एकदा सुचवलं, "थोडं चांगलं कार्ड घेतलं तर पुढची पाच-सहा वर्षं बघायला नको."

"पाच-सहा वर्सानं मले पाहाचं काय राहीन, बेटा?" वामनभाऊ अगदी साधेपणानं म्हणाले. त्यानं साधंच कार्ड काढलं आणि खाली मान घालून बसवायला लागला.

घरी पुढच्या खोलीत कॉम्प्युटर लागला. वामनभाऊ खाकी शर्ट घालून चालवायला बसत. कुणाला ओव्हरटेक करत नसत, सिग्नलला थांबत, रिकाम्या रस्त्यावरही वळताना इंडिकेटर देत. मी म्हटलं, "भाऊ, ह्यात कोण मरत नाही." ते म्हणाले, "सवय मोडली का मानूस बी मोडते." वैनी कामं आटोपून शेजारी बसायची. लग्नानंतर पहिल्यांदा मी ह्यांच्या गाडीत पुढं बसून राह्यली, असं ती हसून सांगायची. बाहेर मुलूख कुठला कोण जाणे, बर्फाचे डोंगर, समुद्रावरचे पूल. वामनभाऊ तिला सगळं दाखवत न्यायचे.

आतली नळी मात्र बारीक होत होती. स्क्रीन सगळी दिसावी म्हणून खुर्ची मागे जाऊ लागली. उन्हाळ्यात ती खोलीच्या मध्यावर होती, दिवाळीला भिंतीला टेकली. मग त्यांनी टेबलच उलट्या बाजूला लावायला सांगितलं आणि खुर्ची मधल्या दारातून स्वयंपाकघरात गेली. स्टिअरिंगची तार पुरेना म्हणून मी चंद्रपूरहून लांब तार आणून दिली. चूल मागे, रस्ता समोर, असे ते बसत. वैनी त्यांना वळसा घालून भाकरी करायची. एकदाही तिनं खुर्ची हलवली नाही.

पुढच्या पावसाळ्यात मधलंही धुरकट झालं. मागे जाऊन उपयोग उरला नाही. आणि त्या हिवाळ्यात, छातीत कळ आल्याचं निमित्त होऊन, दवाखान्यात नेईपर्यंत वामनभाऊ गेले.

त्याच्या थोडंच आधी, एका दुपारी, मी कॉम्प्युटरमधली धूळ काढून द्यायला गेलो होतो. सुरू करून पाहिला तेव्हा वामनभाऊ वैनीला म्हणाले, "इंदू, आता तू चालव. मी बाजूले बसतो."

तिनं कधी सायकलसुद्धा चालवली नव्हती. तरी चाक धरून बसली. ट्रक थोडा गेला, कठड्याला घासला आणि थांबला. वैनीचे दोन्ही हात चाकावर होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आवाज तिनं होऊ दिला नाही. मी पुढे झालो तर मानेनंच नको म्हणाली.

"समोर काय आहे?" वामनभाऊंनी विचारलं.

"रस्ता."

"मोकळा?"

"मोकळा. चाललो आपन."

इंजिन एका जागी धुगधुगत होतं. वामनभाऊ ऐकत राहिले. मग त्यांनी चाचपडत तिचा हात शोधला, चाकावरचा, आणि त्यावर आपला ठेवला.

"गाडी उभी आहे, इंदू."

"मले नाई जमत जी."

"जमते. घाबरू नको. पहिला गिअर टाक. मी आहो ना बाजूले."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि गिअर टाकला.