न भाजणारा हात

"डोळे मिटा. आणि जिथं काही टेकल्यासारखं वाटेल तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेवा," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

मी डोळे मिटले, उजवा हात टेबलावर उताणा ठेवला. अंगठ्याला काहीतरी टेकलं, मी दाखवलं. तळहाताच्या मधोमध टेकलं, तेही दाखवलं. मग बराच वेळ काहीच होईना. मनात म्हटलं, मॅडमना फोन आला असणार. गप बसून राहिले.

"सुमनताई, उघडा डोळे. झालं तपासून."

"झालं? करंगळीला तर अजून हातबी लावला न्हाई तुम्ही."

मॅडमच्या हातात काडीला लावलेला नायलॉनचा एक तंतू होता. त्यांनी तो माझ्या डोळ्यांदेखत करंगळीवर टेकवला आणि वाकेपर्यंत दाबला. मग शेजारच्या बोटावर दाबला. मग तळहाताच्या कडेवर. तंतू वाकलेला मला दिसत होता आणि हाताला त्याचा पत्ताच नव्हता. बोट माझं, नख माझं, पण तिथं कुणी राहतच नव्हतं म्हणा की. अंगावर सरसरून काटा आला. काटासुद्धा मनगटापर्यंतच आला असंल, पुढचं काय माहीत!

मॅडमनी कोपराच्या मागची शीर चाचपली, ती दोरीसारखी जाड लागत होती. दंडाखालचा एक फिकट चट्टा बघितला. तो मी उन्हाचा समजत होते. कानाच्या पाळीतनं जरासा नमुना घेऊन तपासायला पाठवला. दुपारी परत बोलावून म्हणाल्या, "हा कुष्ठरोग आहे. इंग्रजीत लेप्रसी. औषधानं पूर्ण बरा होतो."

शेवटचं वाक्य मला ऐकूच आलं नाही. पहिल्या शब्दालाच कान बंद झाले. पण तोंड चालू होतं. माझ्या तोंडातनं पहिला प्रश्न आला तो असा, "मग उद्या कामावर जायचं न्हवं?"

मी जगंन का, पोरीला लागण झाली असंल का, नवरा काय म्हणंल, यातलं काहीच आधी आलं नाही. हे मी मुद्दाम सांगतेय. माझ्यासारख्या बाया हे वाचत असतील तर त्यांना यात काही नवल वाटायचं नाही.

मी शाहूपुरीतल्या एका खानावळीत भाकऱ्या करते. घर कसबा बावड्यात. नवरा हमाली करतो, लेक कॉलेजला आहे. मी बोलत गेले आणि तिनं हे लिहून घेतलं. खानावळीत आम्ही दोघी मुख्य. भाकरी माझ्याकडं, मटण आणि तांबडा-पांढरा रस्सा शमशादभाभींकडं. मालकिणीला आम्ही वैनी म्हणतो. वैनी वाईट नाहीत. तापानं फणफणलेल्या असल्या तरी फडकं डोक्याला बांधून स्वतः वाढायला उभ्या राहतात. मग आमच्या तापाचं कौतुक त्यांना कुठनं असणार?

आमच्या कामाला रजा हा शब्दच नाही. आहे तो खाडा. खाडा पडला की त्या दिवसाचं काही मिळत नाही, आणि चार खाडे पडले की चुलीपुढं दुसरी बाई बसते. ही चूल मला कशी मिळाली तेही सांगून टाकते. माझ्याआधी तिथं बायाक्का होती. तिला कावीळ झाली. पाचव्या दिवशी ती पिवळे डोळे घेऊन दारात आली, तेव्हा पाटावर मी बसले होते. तिनं माझ्याकडं बघितलं, मी पीठ मळत राहिले. ती आल्या पावली परत गेली. त्यानंतर मी तापात भाकऱ्या केल्या, जुलाबात केल्या, दाढ काढून आल्यावर तोंडात बोळा धरून केल्या. पण खाडा पडू दिला नाही.

आता त्या हाताचं. भाकरी करणाऱ्या बायांत एक मान असतो. नवखी बाई उलथणं घेते. मुरलेली बाई नुसत्या बोटांनी तव्यावरची भाकरी उलटते. कामाला ठेवतानासुद्धा वैनी आधी हात बघतात. पहिल्या वर्षी मला चटके बसायचे, मी आतल्या आत आई गं करायची. मग हळूहळू करंगळीकडचं भाजेनासं झालं. मी खूश! म्हटलं, हात पक्का झाला. भांडी धुताना पाणी गार की ऊन ते त्या बाजूला कळेना, तरी तेच म्हटलं. आजार माझ्या हातात घर करत होता आणि मी त्याला माझी कला समजत होते. असली चूक दुसऱ्या कुठल्या धंद्यातलं माणूस करंल असं वाटत नाही.

त्यात एका पुण्याच्या पावण्यानं माझा व्हिडिओ काढला. तवा धगधगतोय आणि मी हाताची कड तव्याला टेकवून निवांत भाकरीला पाणी लावतेय. वैनींनी तो मोबाईलवर सगळीकडं टाकला. 'चटका न बसणारी काकू' म्हणून लोक बघायला यायला लागले. "काकू, दावा की पावण्यास्नी हात," असं वैनी ओरडल्या की मी दाखवायची. ताठ मानेनं.

शमशादभाभींचं नाक मात्र जबर. एका रविवारी त्या रश्श्याचा डाव हातात घेऊन मध्येच थांबल्या. "काय जळतंय?"

"तुमचंच मटण असंल."

"चाळीस वर्सं मटण शिजवतीया मी. ह्यो मटणाचा वास न्हाई." आणि त्यांनी झेप घेऊन माझा हात तव्यावरनं ओढला. करंगळीखालचं कातडं पांढरं पडून सुटलं होतं. भाभींच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं आणि मी त्यांच्याकडं बघत बसले, ही बाई का रडतीया म्हणून. सोमवारी खानावळ बंद असते. भाभींनी मला रिक्षात घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. नाहीतर मी कुठली जातेय!

मॅडमनी त्या सोमवारी सगळं नीट समजावलं. हा रोग जेवणातनं जात नाही, भाकरीतनं तर नाहीच. बिनऔषधाच्या माणसाच्या श्वासातनं, तेही फार दिवसांच्या सोबतीनं कुणाला तरी लागतो. एमडीटी नावाच्या गोळ्यांचं पाकीट मिळतं, फुकट. महिन्याला एक, असं वर्षभर घ्यायचं. औषध सुरू झालं की लवकरच त्या माणसाकडनं दुसऱ्याला लागण व्हायची थांबते. लघवी लाल होईल, घाबरू नका. कातडी काळवंडेल, पुढं उजळते.

"पण तुमच्या शिरेला सूज आलीय. याला न्यूरायटिस म्हणतात. सुजेच्या गोळ्या देते. हाताला ही पट्टी बांधायची, तिला स्प्लिंट म्हणतात. तीन महिने तव्याजवळ जायचं नाही, पीठ मळायचं नाही. नाहीतर ही दोन बोटं वाकडी होतील आणि तशीच राहतील. औषध मी देईन, विश्रांती मात्र तुम्हालाच घ्यावी लागेल."

"माझ्याकडं कुठली विश्रांती, मॅडम? ती वैनींकडं असती."

हात वाचवू की चूल? चूल वाचवली तर हात जाणार, आणि हात गेला की चूल जाणारच. हिशेब सरळ होता, पण भीतीला हिशेब कळत नाही. मंगळवारी स्प्लिंट पिशवीत घालून मी कामावर गेले. भाभींनी डोळे वटारले, मी मान फिरवली.

बुधवारी गर्दी उसळली. मी भाकरी थापायला घेतली आणि ती एका बाजूनं जाडच राहिली. दुसरी घेतली, तीही तशीच. करंगळी आणि शेजारचं बोट आत वळून बसलं होतं, किती ताणलं तरी सरळ होईना. तिसरी भाकरी परातीतच फाटली. इतक्या वर्षांत माझी भाकरी फाटली नव्हती.

संध्याकाळी घरी जाऊन मी लेकीच्या मोबाईलवर तो व्हिडिओ बघितला. आजवर मी त्यात माझी ऐट बघत होते. त्या दिवशी बोट बघितलं. तव्याला टेकलेल्या करंगळीखालनं बारीक धूर निघतोय, आणि वर माझं तोंड हसतंय. लेक म्हणाली, "आई, बंद कर." मी पुन्हा पुन्हा लावला. देवानं माणसाला दुखणं का दिलंय हे मला तेव्हा कळलं बघा. ते राखण करतं. माझा राखणदार कधीच निघून गेला होता आणि मी उघड्या दाराचं कौतुक करत बसले होते.

गुरुवारी मी वैनींना सांगितलं. रोगाचं नाव घेऊन सांगितलं. वैनी दोन पावलं मागं सरकल्या. खोटं कशाला सांगू? पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "घरी जा तू आधी." मी चप्पल घातली. मला बायाक्काच दिसत होती, तिचे पिवळे डोळे. म्हटलं, भोग आता.

मागनं भाभींचा आवाज आला, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. "वैनी, व्हिडिओ टाकताना तिचा हात जळत हुता, तवा न्हाई सरकलासा मागं? सोमवारी चला माझ्यासंगट. डाक्टरला तोंडानं इचारा."

आणि वैनी आल्या की! दवाखान्याच्या बाकावर माझ्यापासनं एक माणूस सोडून बसल्या, पण आल्या. आत गेल्यावर मॅडमना थेट म्हणाल्या, "रोज हिच्या हातची भाकरी खातीया मी. माझं काय?" मॅडम हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. सगळं पहिल्यापासनं पुन्हा समजावलं. वैनींना तपासलं, भाभींना तपासलं, पुढच्या खेपेला माझ्या नवऱ्याला आणि लेकीला. कुणालाच काही निघालं नाही.

बाहेर आल्यावर वैनींनी चपला घातल्या. मग रस्त्याकडं बघत म्हणाल्या, "तीन म्हैनं न्हवं? चुलीवर दुसरी बाई बसवत न्हाई. तवर मी बसते."

असलं काही आमच्या धंद्यात कुणी केलेलं मी ऐकलं नव्हतं. आणि त्या खरंच बसल्या. वैनींची भाकरी म्हणजे नुसता नकाशा, कधी वर करपलेली, कधी आत कच्ची. गिऱ्हाइकं कुरकुरायची. "खायाची तर खा, न्हाईतर भात घ्या," असं त्या आतनं ओरडायच्या, हे भाभी मला येऊन सांगायच्या. त्या तीन महिन्यांत घरात ओढाताण झाली. नवऱ्यानं जादा पाळ्या केल्या, भाभींचा डबा यायचा. वैनी एकदाच घरी आल्या आणि चहा नको म्हणाल्या. ते मला लागलं. पण चूल त्यांनी राखली, आणि माझ्यापुरतं ते चहापेक्षा मोठं होतं.

दर सोमवारी मी दवाखान्यात जायची. तिथल्या बाकावर मी गवंडी बघितला, धुणंभांड्याची बाई बघितली, कारखान्यातला माणूस बघितला. सगळ्यांची एकच गोष्ट, लवकर यायला सवड झाली नाही. कुणाच्या पायात खिळा रुतून आठवडा झाला तरी तो कामावर. आम्ही एकमेकांचे हातपाय बघायचो.

गोळ्या, स्प्लिंट, कोमट पाण्यात हात बुडवून तेल लावणं, बोटांचे व्यायाम. पाणी कोमट आहे का ते डाव्या हातानं आधी बघायचं, हे मॅडमनी दहादा बजावलं होतं. महिना गेला, काही नाही. दीड महिन्यानं एकदा लसूण सोलत बसले होते, तर करंगळीशेजारच्या बोटात मुंगी चालल्यागत झालं. झटकलं. मुंगी नव्हतीच! ती आतनं चालत होती. मी ओरडून लेकीला बोलावलं आणि दोघी त्या बोटाकडं बघत बसलो, बाळाच्या पहिल्या हालचालीकडं बघतात तसं. पुढं कळा यायला लागल्या, कधी ठणका. मॅडम म्हणाल्या, "शीर जागी होतेय." माझ्या अंगात, माझ्या कातडीखाली, कुणी न बोलावता एवढं मोठं काम चाललं होतं. मी हात जोडले. कुणाला जोडले ते मला सांगता यायचं नाही.

खरं ते सगळं सांगते. करंगळीचं टोक अजून बधिर आहे आणि कदाचित तसंच राहील. ती थोडी वाकडीही राहिली. गोळ्या वर्षभर चालल्या, तोंड काळवंडलं, शेजारणींनी नको ते विचारलं. पण आजार गेला. तुमच्या अंगावर न दुखणारा चट्टा असंल, हातापायाला चटका कळत नसंल, तर त्याला पक्केपणा म्हणू नका. दाखवून या. एक खाडा पडू दे.

आता चुलीपुढं परत बसले त्याचं. तीन महिने झाले आणि मॅडमनी कामाला परवानगी दिली, ती उलथण्याच्या अटीवर. त्या बुधवारी मी पुन्हा पाटावर बसले. पहिल्या भाकऱ्या उलथण्यानं उलटल्या. पण गर्दी वाढली, हात घाईला आला आणि सवयीनं बोटं तव्यावर गेली.

"आई गंऽऽ!"

खानावळ गपकन थांबली. करंगळीशेजारच्या बोटातनं कळ निघाली ती थेट खांद्यापर्यंत. वैनी पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या, "उलथणं घे म्हनलं न्हवं तुला!" असं ओरडत. त्यांनी माझा हात स्वतःच्या हातात घेतला आणि पाण्यात धरला. बोटावर फोड उठत होता, एवढासा. मी रडत होते का हसत होते, माझं मलाच कळेना.

"भाभी, दुखतंय," मी म्हटलं.

"दुखू दे गं बाई," भाभी म्हणाल्या आणि डोळे पुसायला लागल्या. "दुखू दे."

मी वैनींकडं बघितलं. "वैनी, मी घरी जाऊ? भाजलंय."

"एवढ्याशा फोडाला?" वैनी म्हणाल्या. मग माझ्या बोटाकडं बघितलं, परातीकडं बघितलं, बाहेरच्या गर्दीकडं बघितलं. पदर खोचला आणि पाटावर बसल्या.

"जा," त्या म्हणाल्या.

आणि भर गर्दीत, चूल पेटलेली असताना, भाजलं म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा घरी गेले.