बशंदीने उसनं आणलेलं हसू

आमच्या गावात कुणी हजला गेलं की ते परत यायच्या आत त्याच्या घराची दर्शनी भिंत रंगवायची, आणि ती रंगवायची बशंदीने. काबा, विमान, उंट. उंट सगळ्या घरांवर तोच, कारण बशंदीला तो एकाच बाजूने काढता येई. माझ्या वर्गात असतानाही तो शेजाऱ्याच्या वहीतून चित्र उतरवी आणि विचारलं तर म्हणे, "मास्तर, त्याचं त्याच्याकडे आहेच की."

गेल्या वर्षी जवळच्या इस्ना शहराच्या बाजारात फ्लेक्सचं दुकान निघालं आणि लोक तिकडे वळू लागले. भिंतीवर हाजींचा चेहरा कधी नसे. फ्लेक्सवर तो हातभर मोठा मिळायचा. बशंदीने कुंचले धुऊन ठेवले आणि मुलीच्या, इस्राच्या, संगणकापुढे जाऊन बसला. पहिलं काम मिळालं ते नबवीयाच्या घरचं. हे जमलं तर गावातलं काम त्याच्या हातात राहणार होतं. फसलं तर संपलंच.

अडचण फोटोची होती. नबवीयाचा एकच फोटो, पासपोर्टचा. फोटोवाल्याने आपली कोंबडी चोरलीय, अशा नजरेने ती त्याच्याकडे बघत होती.

"आई हजहून येतेय, भांडायला नाही," तिचा मुलगा म्हणाला. "जरा हसरी करा."

बशंदीने शाळेतल्या वहीचाच नियम लावला. गावातल्या एका लग्नाच्या फोटोत एकच बाई तोंडभर हसत होती: तफीदा, नबवीयाची शेजारीण. तिच्या बकरीने नबवीयाची वाळत घातलेली मुलूखियाची भाजी फस्त केल्यापासून दोघींचं बोलणं बंद होतं. बशंदीने ते हसू कापून नबवीयाच्या चेहऱ्यावर बसवलं. बसलंही छान. फक्त तफीदाचा पुढचा दात सोन्याचा होता.

"त्यावर पांढरा थर द्या, बाबा," इस्रा म्हणाली. "चटईवर चटई अंथरतो, तसे हे थर असतात."

दात पांढरा झाला. इस्रा चहा ठेवायला उठली आणि बशंदीची नजर पडद्याच्या कडेला, थरांच्या यादीवर गेली. प्रत्येक थरापुढे एक डोळा काढलेला. एकाखाली एक, टक लावून बघणारे डोळे, आणि तेही हजहून येणाऱ्या बाईच्या चेहऱ्याशेजारी. नजर लागायला आणखी काय हवं?

त्याने यादीतला एक डोळा मिटवला. काबा गेला. घाईघाईने उघडला. दुसरा मिटवला तर विमान गेलं. तिसरा मिटवला तर नबवीयाचं डोकं. तेही दोन्ही लगेच उघडले. सगळ्यात वरचा मिटवला तेव्हा मात्र काहीच गेलं नाही. चष्म्याविना त्याला तरी तसं दिसलं. "चला, एकाची तरी पीडा गेली," म्हणत त्याने तो मिटलेलाच ठेवला. इस्राने चहा पितापिता ते चित्र छापायला पाठवून दिलं.

गुंडाळलेला फ्लेक्स आला तेव्हा नबवीयाची गाडी वेशीत शिरत होती. मुलाने तो गच्चीवरून सोडला आणि खाली गाणाऱ्या बायका मध्येच थांबल्या. भिंतभर नबवीया हसत होती आणि उन्हात तिचा सोन्याचा दात लखलखत होता.

नबवीयाने मान वर करून बराच वेळ पाहिलं. "बशंदी, हे दात कुणाचे?"

"हज्जा, आता तुमचेच समजा."

"माझे आहेत," तफीदा आपल्या दारातून म्हणाली. "मला विचारलं कुणी?"

नबवीयाचा चेहरा थेट पासपोर्टातला झाला. बशंदीने निघायच्या तयारीने आपली शिडी काखेत घेतली. पण हजहून आल्या दिवशी, सगळी पापं धुऊन आलेल्या बाईने पहिलं भांडण कसं काढावं? ती तफीदाकडे वळली.

"बकरी बांधलीय का गं?" तिने विचारलं.

"बांधलीय."

"मग ये. दात आधीच पोचलेत, तूही चहा घे." आणि वळून बशंदीला म्हणाली, "राहू दे ते वर. पण खाली तुझा उंट काढ. त्याच्याशिवाय घर माझं वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी बशंदी उंट रंगवत असताना वरच्या आळीतला एक जण आला. त्याचे वडील दोन दिवसांत हजहून यायचे होते.

"त्यांनाही असंच हसवायचंय," तो म्हणाला. "पण त्यांना दातच नाहीत."

"ते माझ्यावर सोड," बशंदी म्हणाला. "कुणाचे हवेत तेवढं सांग."