टेस्टचे पेढे

टेस्ट म्हटली की अभ्यास आला, एवढं नीताला पक्कं ठाऊक होतं. नाशिकला पहिलीपासून बारावीपर्यंत तिने दुसरं काही पाहिलंच नव्हतं. म्हणून चौथीतल्या गार्गीला वाचनाची अडचण दिसतेय, बाहेरून टेस्ट करून आणा, असं कतारला दोह्यातल्या तिच्या शाळेने कळवलं तेव्हा तिने लगेच कंबर कसली.

आता अडचण शोधायची ही टेस्ट पास व्हायची नसते, हे नीताला सांगणार कोण? नवरा नंदू पहाटे साडेचारच्या कंपनीच्या बसने गॅस प्लांटवर जायचा. तो म्हणाला, "तूच बघ, मला त्यातलं काही कळत नाही." मग धावून आली ती अल मन्सूरा भागातल्या त्यांच्याच बिल्डिंगमधली अनम. तिच्या मुलाची हीच टेस्ट गेल्या वर्षी झाली होती आणि तिने गुपचूप मोबाइलवर पानांचे फोटो काढून ठेवले होते. "भाभी, यही पूछते हैं," म्हणून तिने ते पाठवून दिले. माया होती हो त्यात, नाही कोण म्हणतं?

पंधरा दिवस नीता वाचायची आणि गार्गी तिच्यामागून म्हणायची. कासवाचा उतारा, शब्दांच्या याद्या, सगळं. अक्षरं हलतात म्हणून रडणारी ही पोरगी कानावर पडलेलं मात्र दोनदा ऐकून पाठ करायची. टेस्टला तिने सगळं धडाधड म्हणून दाखवलं. रिपोर्ट आला, वाचन इयत्तेप्रमाणे. नीताचा जीव भांड्यात पडला. तिने अर्धा किलो पेढे घेतले आणि गार्गीचा हात धरून शाळेत लूर्द मिसकडे गेली. अशा मुलांसाठी शाळेने नेमलेल्या या मिस वसईच्या, त्यामुळे मराठीत बोलता यायचं.

"घ्या मिस, तोंड गोड करा. नॉर्मल आहे आमची."

मिसनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. रिपोर्ट दोनदा वाचला. "ताई, मी हिला रोज बघते. हे कसं झालं, कळत नाही. या रिपोर्टवर परीक्षेत तिला जादा वेळ मिळणार नाही. पेपर वाचून दाखवणारं माणूसही मिळणार नाही. त्यासाठीच तर टेस्ट होती."

नीताचं डोकं चक्रावलं. नॉर्मल म्हणजे चांगलंच ना? मग ही बाई सुतक आल्यासारखी का बसलीय?

मिसनी पेढ्यांचा खोका गार्गीपुढे सरकवला. झाकणावर इंग्रजीत एक ओळ होती. "हे वाच गं."

गार्गीने झाकणाकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि आईच्या तोंडाकडे पाहिलं. नीताचे ओठ आपसूक हलायला लागले होते. तिने ते घट्ट मिटले. गार्गी वाट बघत राहिली.

"मिस," नीता म्हणाली, "मी पाठ करून घेतलं होतं तिच्याकडून." तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मिस रागावल्या नाहीत, त्याचंच तिला जास्त लागलं. पुन्हा टेस्ट सहा महिन्यांनी होणार होती, आणि वार्षिक परीक्षा तर पुढच्या महिन्यात. "जादा वेळासाठी मी प्रिन्सिपलशी बोलून बघते," मिस म्हणाल्या, "पण झालं ते तुम्ही लिहून द्यायला हवं." नीताने लिहून दिलं.

घरी जाताना मेट्रोत गार्गीने विचारलं, "आई, आय पास्ड ना? मग व्हाय आर यू क्राइंग?"

"तू काही चुकली नाहीस गं."

"सो नेक्स्ट टाइम आय शुड फेल?"

"नाही," नीता म्हणाली. मग म्हणाली, "हो." मग म्हणाली, "जेवढं खरंच वाचता येईल, तेवढंच वाच."

गार्गीने थोडा विचार केला. "बट देन यू वोन्ट बाय पेढे."

घरी पोचल्यावर, चपलासुद्धा न काढता, नीताने परत आणलेला पेढ्यांचा खोका उघडला आणि एक पेढा लेकीच्या हातावर ठेवला. तो कशाबद्दलचा, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.