मोनोनाना

स्टिरिओचं नाव काढलं की नाना चिडत. पिंपरीच्या आमच्या कारखान्यात ते प्रेस शॉपचे फोरमन, मी ड्रॉइंग ऑफिसात. इंग्रजी रॉकच्या तबकड्यांवर त्यांचा भारी जीव, त्याही जुन्या मोनोच हव्यात, सगळा आवाज एकत्र देणाऱ्या. "चौघं एका खोलीत वाजवतात ना? मग ढोल एका भिंतीला, गाणारा दुसऱ्या भिंतीला, ही काय भाऊबंदकी आहे?" आम्ही त्यांना तोंडावरच मोनोनाना म्हणायचो.

शॉपमध्ये दिवसभर पत्रा ठोकणाऱ्या प्रेसची धाडधाड चाले. कानात घालायला कंपनी कापूस द्यायची, नाना तो खिशात ठेवत. "कान बुजवले तर साचा बिघडलेला कळणार कसा?" ठोका जरा बदलला की ते लांबूनच ओरडून मशीन थांबवायला लावत. याचा त्यांना फार अभिमान होता.

पुढे कंपनीने मला ट्रेनिंगला जर्मनीला पाठवलं. येताना मी स्टिरिओ आणि हेडफोन घेऊन आलो, आणि मुद्दाम नानांना घरी बोलावलं. त्यांच्याच आवडीचं गाणं, पण स्टिरिओतलं, लावून हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला. थोडं ऐकून ते म्हणाले, "ढोलवाला कुठं गेला? डावीकडची वायर सुटलीय बघ."

मी स्वतः हेडफोन लावून पाहिला. डाव्या कानात ढोल स्वच्छ वाजत होता. नानांनी हेडफोन उलटा करून घातला. ढोल आला, गाणारा गेला. मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डावा कान प्रेसच्या आवाजाने गेलाय, आता शॉपमध्ये पाऊल टाकू नका, म्हणून डॉक्टरांनी बजावलं. नाना दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला हजर. "उजवा आहे की अजून. मोनोला एक कान पुरतो." कापूस तेव्हाही खिशातच. आम्ही रागावलो, हातापाया पडलो, काही उपयोग झाला नाही. चारपाच वर्षांत उजवाही गेला.

ते रिटायर झाल्यावर एकदा त्यांच्या चिंचवडच्या घरी गेलो. रेकॉर्ड प्लेअरवर तबकडी फिरत होती, नाना समोर बसून पायाने ताल देत होते, अगदी बरोबर. खोलीत आवाज मात्र नव्हता. सुईखालून डासासारखं बारीक काहीतरी गुणगुणत होतं, तेवढंच.

वहिनी चहा देताना म्हणाल्या, "फार मोठ्याने लावायचे. शेजारी भांडायला यायला लागले, म्हणून मी स्पीकरची वायरच काढून ठेवलीय. ह्यांना कुठं कळतंय." आणि पदराने डोळे पुसत आत गेल्या.

तेवढ्यात नानांचं माझ्याकडे लक्ष गेलं. चेहरा उजळला. त्यांनी बटणाकडे हात नेला आणि ओरडून विचारलं, "फार मोठा होतोय का रे? कमी करू?"

मी मान हलवून नको म्हटलं.