टोपली घेऊन नदीवर निघालेली बाई

चित्रात बाई दिसली की तुम्ही आधी काय बघता, तोंड की हात? आमच्या बावड्याच्या विहारात भिंतीवर जी बाई आहे, तिला तोंडच नाही. पाठमोरी, कमरेवर टोपली, नदीकडं उतरतेय. भोवती ऊस, बाभळी, लांबवर पांढऱ्या कपड्यातली माणसं. जोतीराम पेंटरनं चौऱ्याण्णव साली काढलेलं हे चित्र. बारामतीत दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस, पण हात चांगला.

ती बाई म्हणजे आपली आई बनाबाई, असं छबूबाई येईल त्याला सांगायची. विहार झाडता झाडता केरसुणी खाली ठेवायची आणि बोटानं एकेक माणूस दाखवायची. मी तालुकाभर भाषणं ठोकणारा, पण तिच्यापुढं गप बसून ऐकायचो.

मग कमिटीच्या मोहनरावांना टोपलीतले चमकणारे ठिपके दिसले. म्हणाले, हे घरातल्या देवांचे टाक आहेत, बाई पूजेला निघालीय, विहारात हे चालायचं नाही, पौर्णिमेच्या आत पुसून टाका. माझं डोकं सणकलं. मी जोतीरामला धरून आणला. तर हा गडी म्हणतो, बाई भांडी घासायला चाललीय. त्याला तिथंच झोडपावा असं वाटलं.

छबूबाईनंच त्याला गप केलं.

"तू नुसता रंग लावलास, जोत्या. टाकच हायेत ते. पण पूजेला न्हाय, आई बुडवायला चाललीय."

छप्पन साली दीक्षा घेतल्यावर आमच्या घराघरातले देव नदीत गेले, हे मोहनरावांनाही ठाऊक. तरी माणूस हटेना. पूजेला जाणारी आणि बुडवायला जाणारी पाठीमागून सारखीच दिसते, म्हणाले. वर विचारलं, "आन् तू कुठं हायेस ह्यात?"

"मी घरी रडत बसले हुते, आबा. बारकी हुते. ते चमकणारे टाक मला खेळायला पायजे हुते."

मोहनराव हसले नाहीत. मग हळूच म्हणाले, त्यांच्या आईनं पदरात बांधून नेले होते, घरात टोपली नव्हती. पुसायचा विषय त्यांनी परत काढला नाही.

आता त्या बाईच्या पायापाशी ओल आलीय, रंगाचे पोपडे सुटतायत. जोतीराम म्हणतो, सगळं खरवडून नवी काढतो. छबूबाई म्हणते, नवी बाई माझी आई न्हवं. जुना रंग आहे तसा धरून ठेवणारं कुणी तुमच्या माहितीत असेल, तर त्याला बावड्याला पाठवा. चुना मारणारा पाठवू नका.