दिलीपने शांत केलेली बाग

दिलीप गेल्याचं त्याच्या मुलाने फोनवर सांगितलं, तेव्हा मी मुलुंडच्या आमच्या बागेतच होतो. सकाळची वेळ, माणसांनी भरलेली बाग, पण इतकी शांत की पलीकडचा हुंदका मला स्वच्छ ऐकू आला. त्या शांततेचं श्रेय दिलीपचंच... आणि शेवटी शेवटी तीच त्याला सोसवत नव्हती. हे सांगायला आता मीच उरलोय, म्हणून लिहितोय.

त्याचं घर तळमजल्यावर, खिडकी थेट बागेच्या भिंतीकडे. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा कावळे आणि चार म्हातारे, एवढाच काय तो बागेतला गोंगाट. मग झुंबावाले आले, त्यांचा स्पीकर आला, वाढदिवसांचे केक आले, रीलवाली पोरं आली. त्यात भर आमच्या हास्यक्लबची. आम्ही निवृत्त माणसं हात वर करून घसा फाटेस्तोवर हसायचो. दिलीप आम्हाला 'वेड्यांचा बाजार' म्हणायचा. तोवर सगळी चेष्टाच होती. पण त्याची बायको, आमच्या सुषमावहिनी, अंथरुणाला खिळल्या. रात्रभर तळमळायच्या, डोळा लागायचा तो पहाटे, आणि नेमका तेव्हाच स्पीकर सुरू व्हायचा. दिलीप आधी हात जोडायला गेला, मग भांडला, मग पालिकेच्या कार्यालयात इतके खेटे घातले की फाटकावर पाटी लागली... आवाज करण्यास सक्त मनाई.

स्पीकर गेला. पण पाटीला स्पीकर आणि माणूस यातला फरक कळत नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसं वॉचमनने आम्हालाही गप्प केलं. हसायचं नाही तर जमायचं कशाला? कुणी घरी बसला, कुणी मुलाकडे राहायला गेला. झुंबावाल्यांनी कानात इअरफोन घातले. आता सगळे एका तालावर उड्या मारतात आणि बाहेरच्याला गाणं ऐकू येत नाही. चालणाऱ्यांचंही तेच. वहिनींना मात्र शेवटचे काही महिने झोप मिळाली, त्यामुळे मला त्या पाटीचा राग कधी आला नाही.

वहिनी गेल्या आणि दिलीप बागेतल्या बाकावर येऊन बसू लागला. येणाऱ्याजाणाऱ्याला "काय, कसं काय?" विचारायचा. कुणाला ऐकूच जायचं नाही.

"वाट लागली यार," एकदा मला म्हणाला. "घरात आवाज नाही म्हणून इथे येतो, तर इथेही..." चालणाऱ्यांच्या कानांकडे बोट केलं. मग म्हणाला, "तुमचा तो बाजार परत भरव ना."

"आणि पाटी?"

"माझ्यामुळेच लागलीय ना? मी बघतो."

दुसऱ्या सकाळी आम्ही मोजके जण गोल करून उभे राहिलो. हास्यक्लबात आधी कुणीतरी खोटं हसावं लागतं, मग बाकीच्यांना खरं हसू येतं. दिलीपने दोन्ही हात वर करून असा काही गडगडाट केला की वॉचमन शिट्टी फुंकत धावत आला.

"काका, पाटी वाचा!"

"पाठ आहे रे मला," दिलीप म्हणाला. "तू पण हस."

वॉचमन हसला आणि फसला. त्यानंतर रोज सुरुवात दिलीपच करायचा. आवाज बसला तरी दुसऱ्याला करू द्यायचा नाही.

जायच्या आधी काही दिवस तो यायचा थांबला, तेव्हापासून कुणी जमलं नव्हतं. परवा मी सगळ्यांना फोन केले. एकाचे गुडघे धरलेत, एकाला नातवाला शाळेत सोडायचं असतं. काल मी एकटाच गेलो. दिलीपची खिडकी बंद होती, मुलाने घराला कुलूप लावलंय. म्हटलं, आज आपणच सुरुवात करू. हात वर केले. हो हो, हा हा हा... आवाज फार विचित्र निघाला. मला त्याची इतकी आठवण आली की थांबताच येईना.

बाजूने चालणारी एक मुलगी थबकली. कानातले इअरफोन काढून जवळ आली.

"काका, रडताय का? कुणाला फोन लावू?"

मला एकही नाव सुचेना.